पाखरांचं बलुतं

दसरा सरला की आमच्या करमाळा तालुक्यात हवा फिरायला लागते. एकदम नाही फिरत. हस्ताचा पाऊस झाला तर झाला, मग चित्रा नक्षत्रात असं ऊन पडतं की उन्हाळा परत आला का काय असं वाटावं. पण स्वाती लागल्या की पहाटे पायाशी पडलेली वाकळ हातानं शोधावी लागते. गवतावर दव दिसतं. वाऱ्याची दिशा बदलते, आणि गुरं सकाळी दावणीला उठल्या उठल्या उन्हाकडं तोंड करून उभी राहतात.

माणसापेक्षा हे पाखरांना आधी कळतं. सकाळी विजेच्या तारेवर वेडे राघू एकमेकांना चिकटून, अंग फुलवून बसलेले असतात. ऊन चांगलं तापून माश्या-किडे उडायला लागेपर्यंत ते जागचे हलत नाहीत. होले बोरीच्या शेंड्यावर पिसं फुगवून असे बसतात की एरवीच्या दीडपट दिसावेत. दिवाळीच्या सुमारास शेणकईजवळ शेपटी वरखाली करणारा धोबी दिसला की आमची आई म्हणायची, "परीट आला, आता थंडी आली." तो हिमालयाकडनं येतो हे मला फार उशिरा वाचनात आलं. आईच्या दृष्टीनं तो थंडीबरोबर येत होता एवढं पुरेसं होतं.

आमच्या घरामागं थोडी मोकळी जागा आहे. शेवगा, लिंबोणी, एक म्हातारा पेरू, कडीपत्ता आणि न्हाणीच्या पाण्यावर वाढलेली अळू-कर्दळ. तिथं लिंबोणीखाली फुटक्या जात्याची तळी पडलेली आहे. आमची कारभारीण रोज सकाळी त्या तळीवर मूठभर ज्वारी टाकते आणि शेजारच्या मातीच्या परळात पाणी ओतते. पहिल्यांदा चिमण्या येतात. मग साळुंक्या येऊन चिमण्यांना हुसकावतात. होले खालीच चालत चालत, सांडलेलं वेचतात. त्यांना भांडण जमत नाही. खार येते, दोन्ही हातांत दाणा धरून माणसासारखी खाते. कोतवाल दाण्याला शिवत नाही, पण तोही येतो, पेरूवर बसतो आणि दाण्यांच्या गडबडीत उडालेले किडे टिपतो. सरडा तळीखालच्या सावलीत. आणि एक मुंगूस आहे, ते कशासाठी येतं हे साळुंकी आम्हाला ओरडून सांगते. सगळा मिळून अर्ध्या तासाचा बाजार.

आता याच ज्वारीच्या वावरात मी माळा बांधतो आणि गोफण घेऊन याच पाखरांना हाकलतो. हे मी वयाच्या आठव्या-नवव्या वर्षापासून करत आलोय आणि आता पासष्टी जवळ आली. त्यात काही विचित्र आहे असं घरात कुणालाच वाटलं नव्हतं. दोन वर्षांमागं नात, तेव्हा ती चौथीत होती, माळ्यावर माझ्याशेजारी बसली होती. तिनं विचारलं, "आबा, तुम्ही इथं पाखरांना हाकलता आन घरी आजी त्यांनाच दाणे टाकती. मग पाखरांनी कुणाचं ऐकायचं?"

मी म्हणालो, "घरी आपण देतो. इथं ती चोरून खातात."

ती म्हणाली, "चोरून कुठं? तुमच्यासमोरच खात्यात की."

लेकराच्या बोलण्याला हसून सोडून द्यायचं असतं, तसं मी दिलंही. पण माळ्यावर माणसाला दुसरं काम नसतं. चार हात उंचीवर बसून दिवस काढायचा, अधूनमधून गोफण फिरवायची, डबडं वाजवायचं. डोक्यात एखादी गोष्ट शिरली की ती तिथंच गिरक्या घेत राहते.

चोरी म्हणायची कशाला? ज्याला हे दुसऱ्याचं आहे हे ठाऊक आहे आणि तरी उचलतो, तो चोर. सातबाऱ्यावर माझं नाव आहे, पण सातबारा तलाठ्याला कळतो, भोरडीला कळत नाही. रानात गवताला बी येतं तसंच ताटाला कणीस येतं, एवढंच तिच्या डोळ्याला दिसतं. उलट तिच्या बाजूनं बघितलं तर ज्या माळावर तिचे पूर्वज नाकतोडे टिपत होते तो माळ आमच्या पूर्वजांनी नांगरला, आणि तिला कुणी नोटीस दिली नव्हती. असं म्हटलं म्हणून मी वावर सोडून देणार नाही. माझंही पोट त्याच कणसाला बांधलेलं आहे. पण चोर हा शब्द मी त्या दिवसापासून बंद केला.

मग चोर नाही तर कोण? त्यावर मला आमच्या तात्यांचं खळं आठवलं. मी लहान असताना बलुत्याची पद्धत पार मोडली नव्हती. सुगी झाली, खळ्यावर बैलांची पात फिरून रास पडली की सुतार यायचा, लोहार यायचा, नाभिक, परीट, कुंभार, चांभार यायचे. वर्षभर त्यांनी काम केलेलं असायचं. औताला फाळ लावून दिला, मोट शिवली, डोई केली. तेव्हा पैसे नाही, राशीवर धान्य. ती काही फार न्यायाची व्यवस्था होती असं मी म्हणणार नाही. कुणाला किती मिळायचं आणि कुणाला उंबऱ्याबाहेर उभं राहून घ्यावं लागायचं हे मी पाहिलेलं आहे, आणि ती गेली ते बरंच झालं. पण त्यात एक हिशेब होता की राशीला हात लावायच्या आधी ज्यांचं देणं आहे त्यांचं बाजूला पडलं पाहिजे.

त्या हिशेबानं पाखरांकडं बघितलं तर मजा दिसते. सोयाबीन काढून वावर नांगराखाली घातलं की ट्रॅक्टरमागं बगळे, साळुंक्या, कोतवाल यांची रांग लागते. हुमणीची एकेक पांढरी जाड अळी तास उलटलं की वर येते आणि मातीला टेकायच्या आत चोचीत जाते. हुमणीनं उसाचं काय होतं हे ज्याचं बेट हातानं उपटून आलंय त्याला विचारा. हरभऱ्यात मी एकरी वीसेक पक्षी थांबे उभे करतो. पक्षी थांबा म्हणजे काय, काठीला आडवी काठी बांधलेली. त्यावर कोतवाल बसतो आणि घाटेअळी वेचतो. एक काठी उभी करायला मला दहा रुपयेही लागत नाहीत. औषधाचा पंप मारायचा तर हजार रुपये मोडतात.

आणि भोरड्या. ज्या भोरड्यांना आमच्याकडं सगळे शिव्या घालतात, त्यांचं तर मला सगळ्यात नवल वाटतं. गुलाबी अंगाची, काळ्या डोक्याची ही मैनेच्या जातीची पाखरं. उन्हाळ्यात तिकडं मध्य आशियात टोळ आणि नाकतोडे खाऊन पिल्लं वाढवतात आणि ती उडती झाली की हजारोंच्या थव्यानं आपल्याकडं येतात. कार्तिकात त्या आमच्या बांधाच्या गवतात उतरतात तेव्हा ज्वारी अजून कोवळी असते. तेव्हा काय खातात? नाकतोडे, अळ्या, बोरीची बोरं. पौषात कणीस भरलं की मग दाण्याला लागतात. म्हणजे आधी काम आणि मग सुगीला बलुतं. अगदी जुन्या हिशेबाप्रमाणं. फरक एवढाच की सुतार सुपानं घेऊन जायचा आणि ही मोजमाप न करता घेतात.

चीनमध्ये 1958 साली सरकारनं चिमण्यांना धान्यचोर ठरवून मारायची मोहीम काढली. लोकांनी थाळ्या, ढोल बडवून चिमण्यांना खाली बसू दिलं नाही, दमून त्या पडल्या. पुढं पिकावर किडीचं राज्य झालं, आणि 1960 साली चिमणीचं नाव शत्रूच्या यादीतनं काढून तिच्या जागी ढेकणाचं घालावं लागलं. एवढ्या मोठ्या देशाला जे दोन वर्षांनी कळलं ते आमच्या तात्यांना कोणी न शिकवता ठाऊक होतं. ते गोफण मारायचे, पण घरट्याला हात लावू द्यायचे नाहीत.

पण बलुत्याचा हा हिशेब पोपटापाशी येऊन अडतो. पोपट अळी खात नाही. तो कणसावर बसतो, चार दाणे खातो आणि चाळीस सांडतो. पेरू अर्धा कुरतडून टाकतो. त्यानं माझं कुठलं काम केलं? काहीच नाही. मग त्याला हक्क नाही का? इथं मला परत खळ्यावर जावं लागतं. खळ्यावर बलुतेदारांच्या मागून आणखी माणसं यायची. वासुदेव, पोतराज, नंदीबैलवाला, गावातली एखादी निराधार म्हातारी. यांनी तात्यांच्या औताला हात लावलेला नसायचा. तरी सूप रिकामं परत जात नव्हतं. का देता, असं मी एकदा विचारलं होतं. तात्या म्हणाले, "राशीवर आलाय." बास. एवढंच कारण. आलाय म्हणून.

आणि शिवाय सर्वा असायचा. आजच्या पोरांना हा शब्दच माहीत नाही. ज्वारी काढून नेल्यावर वावरात जी कणसं पडून राहतात ती वेचायला गरिबाघरच्या बायका यायच्या, त्याला सर्वा वेचणं म्हणत. मालकानं पडलेलं कणीस परत वेचू नये असा रिवाज होता. आमची आई खुडणीच्या वेळी एखादं कणीस हातातनं निसटलं तर मागं वळून बघायची नाही. बायकांच्या मागनं होले, तित्तर आणि लावे असायचे, त्यांच्या मागनं मुंग्या. एका वावरातनं किती पोटं भरायची याचा अंदाज आज लागणार नाही, कारण आज पडू देणं हाच तोटा समजला जातो.

आता तुकोबांची गोष्ट. आमच्याकडं पाखरांचा विषय निघाला की कुणीतरी ती काढतंच. एका शेतकऱ्यानं तुकोबांना शेत राखायला ठेवलं. तुकोबा माळ्यावर बसून नामात दंग झाले, पाखरं आली, तुकोबांनी त्यांना हाकललं नाही. पाखरांनी शेत खाल्लं. शेतकरी आला, चिडला, पंचांपुढं गेला, पंचांनी भरपाई ठरवली. पण मळणी केली तर अंदाजापेक्षा कितीतरी जास्त धान्य निघालं. कीर्तनात ही गोष्ट ऐकताना सगळे माना डोलवतात. मीही डोलवतो, मी माळकरी आहे. पण शेतकरी म्हणून माझ्या मनात एक खुट्टी राहतेच. शेत तुकोबांचं नव्हतं. दुसऱ्याच्या कणसावर दया करणं सोपं असतं, हे सांगायला संत लागत नाही. म्हणूनच मला वाटतं की त्या गोष्टीला शेवटी जास्तीची रास लागली. गोष्ट सांगणाऱ्यालाही कळत होतं की त्या शेतकऱ्याची भरपाई झाल्याशिवाय ही दया पुरी होत नाही. रास भरली नसती, तर कीर्तनकाराला ती गोष्ट सांगता आली असती का?

माझ्या वावरात रास भरत नाही. गेल्या साली दोन एकर शाळू होता, मालदांडी, विहिरीचं पाणी दोनदा दिलेलं. असल्या ज्वारीला आम्ही एकरी आठ-नऊ क्विंटल धरतो. झाली दोन्ही एकरांत साडेअकरा. कडबा चांगला निघाला, पाखरं कडबा खात नाहीत म्हणून. पण पाच क्विंटलच्या वर दाणा गेला. तीन हजारानं धरली तरी पंधरा हजार रुपये. माझ्या पोराच्या डोळ्यापुढं हा आकडा असतो. त्याच्या डोक्यावर सोसायटीचं कर्ज आहे, ट्रॅक्टरचा हप्ता आहे. तो म्हणतो, "आण्णा, उसाला एक पाखरू शिवत नाही."

तो खोटं बोलत नाही. आमच्या तालुक्याची भीमेकडची बाजू उजनीच्या फुगवट्यावर आहे. धरण 1980 साली पुरं झालं, पाणी आलं आणि ऊस आला. वरच्या अंगाला पाऊस बरा झाला तिथं सोयाबीन, तूर, मका. ज्वारी मागं हटत गेली. तात्यांच्या काळात आमच्या शिवारात पौषात उभं राहिलं की नजर जाईल तिथवर कणसंच कणसं दिसायची. तेव्हाही भोरड्या येत होत्या, तेवढ्याच. पण त्या शंभर वावरांत वाटून जायच्या. एकाच्या वाट्याला दोन-चार पायल्या. तेवढं कुणाला कळतही नव्हतं. आज आमच्या शिवारात ज्वारीची वावरं मोजून सात. सगळ्या शिवाराची पाखरं या सात जणांच्या कणसावर. त्यातल्या एकानं कंटाळून ज्वारी सोडली की उरलेल्या सहांवर भार वाढतो, मग सहावा सोडतो. म्हणजे जो शेवटपर्यंत ज्वारी पेरेल त्यानं सगळ्या गावाचं बलुतं एकट्यानं भरायचं. नाकतोडे आणि हुमणी सगळ्यांच्या रानातली खायची आणि दाणे फक्त माझे. हा अन्याय आहे आणि तो पाखरांनी केलेला नाही.

याच हताशेतनं काही लोक भलत्या वाटेला जातात. चार वर्षांपूर्वी आमच्या शिवेला लागून असलेल्या एका रानात कुणीतरी दाण्याला औषध लावून टाकलं. कशासाठी टाकलं होतं, उंदरांसाठी का मोरांसाठी, ते त्याचं त्याला माहीत. मोर मारणं 1972 च्या कायद्यानं मोठा गुन्हा आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून कुणी बोलत नाही. सकाळी मी गेलो तर बांधाला सात तित्तर पडलेले, एक होला पंख पसरून मातीत चोच खुपसलेला, आणि ते खायला आलेलं आमच्या वस्तीवरचं कुत्रं फेस येऊन पडलेलं. मी खड्डा करून सगळं पुरलं. पोराला तेव्हा बरोबर नेलं होतं. तो काही बोलला नाही, टिकाव मारत राहिला.

त्या दिवसापासून गोफण आणि ते औषध यांत काय फरक आहे, हे मला माझ्यापुरतं उलगडलं. गोफण म्हणजे भांडण आहे. भांडणात समोरचा उद्या परत यायला शिल्लक असतो, आणि तो येणार आहे हे धरूनच आपण भांडतो. गोफणीचा दगड मी पाखरावर धरत नाही, कधीच धरला नाही. तात्यांनी शिकवलं होतं की दगड ताटांच्या वरनं जाऊ द्यायचा आणि फटका हवेत वाजवायचा. फटक्यानंच थवा उठतो. राखणीची वेळसुद्धा ठरलेली असते. सूर्य उगवल्यापासून दहापर्यंत आणि चारपासून अंधार पडेपर्यंत. मधल्या दुपारी पाखरं सावलीला जातात, माणूसही भाकरी खाऊन लवंडतो. त्या वेळेत जी दोन-चार येऊन खातात त्यांचं खातं आम्ही उघडत नाही. राखण करणारा आणि पाखरू यांचा असा न बोलता झालेला करार असतो. मी उभा राहिलो की तू उठायचं, मी बसलो की तू बसायचं. औषधात करार नसतो. तिथं समोरचा कोण आला हेही बघायचं नसतं.

मग घरामागच्या त्या मूठभर दाण्यांचं काय? ते दान का? मला दान हा शब्द तिथं जड वाटतो. खरं बोलायचं तर आमच्याकडची थंडी पाखरांच्या उपासमारीची वेळच नाही. बर्फाच्या मुलखात झाडं उघडी पडतात, जमीन गोठते, तिथं लोक थंडीत दाणे टांगतात ते समजण्यासारखं आहे. आपल्याकडं कार्तिक ते माघ म्हणजे सुगी. रानात गवताचं बी आहे, बोरं आहेत, हुरडा आहे. पाखरांचे खरे हाल चैत्र-वैशाखात, तेही दाण्यावाचून कमी आणि पाण्यावाचून जास्त. तेव्हा परळ दिवसातनं तीनदा भरावं लागतं. आणि पिल्लं असतात त्या दिवसांत चिमणीलासुद्धा दाणा चालत नाही, ती पिल्लाला अळ्या आणून घालते. तिथं माझ्या ज्वारीचा उपयोग शून्य. तिथं उपयोग बांधावरच्या झुडपाचा, जे आम्ही जेसीबी लावून काढतो.

तरी कारभारीण थंडीत दाणे टाकतेच. ती म्हणते, "आपल्या घरात आलंय तेव्हा टाकायचं. नसंल तेव्हा कुठनं टाकू?" हिशेब पाखराच्या गरजेचा नाही, आपल्या कणगीचा आहे. आणि ती दाणे टाकते ते भाकरीच्याच ज्वारीतले. मी म्हणतो, चाळणीखालची कणी टाक, चिमणीच्या चोचीला बारीकच बरी. ती म्हणते, "पाव्हण्याला चाळणीखालचं वाढत्यात व्हय?" या बाबतीत आमचं लग्नापासून एकमत नाही आणि आता होईल असं दिसत नाही. बुरशी आलेलं, शिळं, तिखटमिठाचं मात्र आम्ही दोघंही टाकत नाही. शहरात पाहुण्यांकडं गेलो की बाल्कनीत फरसाण टाकलेलं दिसतं. देणाऱ्याला आनंद होतो, खाणाऱ्याचं पोट बिघडतं.

शहराचा विषय निघालाच आहे तर बोलतो. 2025 साली मुंबईत दादरच्या कबुतरखान्यावरनं मोठा गोंधळ झाला. तो बंद केला म्हणून एक बाजू रस्त्यावर आली. दुसरी बाजू म्हणाली की कबुतरांच्या विष्ठेनं आमची फुप्फुसं जातात. मी ते टीव्हीवर बघत होतो. दोन्हीकडची माणसं मनापासून बोलत होती. माझ्या डोक्यात एवढंच आलं की पोत्यानं दाणे ओतणारा एक, आणि खोकणारा दुसरा. दया माझी आणि तिची किंमत शेजाऱ्यानं मोजायची, हा तोच तुकोबांच्या गोष्टीतला पेच, फक्त इथंही शेवटी रास भरत नाही. भूतदया करायची तर ती आपल्या कणसावर करावी. शेजाऱ्याच्या छातीवर करू नये.

थंडीत पुण्या-मुंबईचे लोक उजनीच्या काठाला रोहित पक्षी बघायला येतात. मोठे मोठे कॅमेरे असतात. भले लोक असतात, वस्तीवर पाणी प्यायला थांबतात, हुरडा मागतात. मागल्या साली एक ताई माझ्या माळ्याखाली उभ्या राहून म्हणाल्या, "काका, किती सुंदर थवा आहे, उडवू नका ना." मी म्हणालो, "बरं." आणि दहा मिनिटं गोफण खाली ठेवली. त्यांनी फोटो काढले. मग मी विचारलं, "ताई, घरी भाकरी खाता का?" त्या म्हणाल्या, नाही, मुलांना चपातीच लागते. मी त्यांना दोष दिला नाही. पण मला सांगावंसं वाटलं की थवा बघायचा असेल तर तो थवा कशावर उभा आहे तेही बघा. 2023 साल सगळ्या जगानं भरडधान्याचं वर्ष म्हणून पाळलं, भाषणं झाली, तालुक्याला पाककृतींची स्पर्धा झाली. आमच्या शिवारात त्या साली ज्वारीचं एक वावर कमीच झालं. शहरातल्या माणसानं बाल्कनीत वाटी टांगावी, चांगलंच आहे. पण आठवड्यातनं चार वेळा त्याच्या ताटात ज्वारीची भाकरी पडली आणि ती ज्वारी परवडेल अशा भावानं विकली गेली, तर सात वावरांची परत दहा तरी होतील. मग पाखरांचं बलुतं दहांत वाटलं जाईल, आणि मलाही माळ्यावर जरा झोप काढता येईल.

पोराशी माझं या सालीही वाजलं. भाद्रपदात तो म्हणाला, सगळं क्षेत्र उसालाच घालू, कारखान्याची नोंद करतो. मी म्हणालो, कणगीपुरती तरी ज्वारी राहिली पाहिजे. तो म्हणाला, कणगीपुरती विकत आणू. मी म्हणालो, कुणाकडनं? गावात सात जण पेरतात, त्यातला एक मी. तो गप्प बसला, मीही बसलो. पंधरा हजार रुपये हा काही वाद घालून जिंकायचा आकडा नाही, तो खरा आहे. त्याच्या हप्त्याच्या तारखाही खऱ्या आहेत. माझ्याकडं त्याला द्यायला उत्तर नव्हतं आणि अजून नाही. दोन एकराचा दीड एकर झाला. अर्ध्या एकरात उसाचं बेणं गेलं.

दीड एकर हस्तातच पेरला. उगवण बरी आहे. या आठवड्यात थंडी पडलीय, ताटं गुडघ्याएवढी झालीत आणि परवा भोरड्यांचा पहिला थवा पडीक रानातल्या गवतात उतरलेला दिसला, नाकतोडे टिपत. अजून महिना-दीड महिना त्यांचं कामाचं चालेल. माळ्यासाठी मी बाभळीच्या चार मेढी तोडून आणल्या होत्या. एकट्यानं रोवायला जमत नाही, कुणाला तरी बोलावणार होतो. काल संध्याकाळी पोरगा आपणहून पहार घेऊन आला. खड्डे पाडता पाडता म्हणाला, "आण्णा, या साली माळा जरा बांधाकडं सरकवू. बोरीवर बसतात ती तुम्हाला तिकडनं दिसत नाहीत."